बेज्जूरची खीर

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझी बायको कुंदा गेली. ती वर्गात होती. मुलांना पाढे म्हणायला सांगून खुर्चीत बसली आणि उठली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी यवतमाळहून तिच्या माहेरी, बेज्जूरला निघालो. गुडघ्यांमुळे माझ्या सासूला अंत्यविधीला येता आलं नव्हतं. तिला आम्ही सगळे माय म्हणतो. धाकटा मेहुणा आनंद एकटाच आला होता आणि परत जाताना म्हणाला होता, "भाऊजी, सुट्टीत येऊन जा. माय खीर करनार हाये." त्यांच्या घरची रीत अशी, की मुलगी गेली तर जावयानं एकदा तिच्या माहेरी येऊन तांदळाची खीर खायची. खीर खाल्ली की नातं राहिलं.

अडचण एवढीच होती की मी भात खात नाही. साखर, गूळ, पोळी, भाकरी, बटाटा, काहीच नाही. रक्तातली साखर वाढल्यापासून अंडी, मासे, पालेभाज्या, दही आणि शेंगदाणे यांवर माझं चालतं. घरी हे सोपं असतं. तेलंगणात, जिथे भाताशिवाय पान मांडत नाहीत, तिथे कठीण. पण कुंदा बरोबर असताना ते मला कधी जाणवलं नाही. ती शिकली तेलुगू शाळेत. खानावळीत शिरलो की ती थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाई, तेलुगूत काहीतरी बोले, आणि माझं ताट भाताऐवजी दोन अंडी घेऊन येई. वाढपी जरा वाकूनच वाढत. ती त्यांना काय सांगते, हे मी विचारलं नाही. तोवर मी पुस्तक उघडलेलं असे.

पैनगंगेचा पूल आला तेव्हा पात्रात नुसती वाळू आणि कडेला पाण्याची एक ओळ होती. पुलापलीकडे पाट्यांची लिपी बदलली. दोन्ही तीरांना तीच काळी, नांगरून ठेवलेली कपाशीची राने. त्या पुलावर मी ठरवलं, की बेज्जूरला खीर खायची. एक वाटी. तिच्या आईच्या हातची.

आदिलाबादला येताना आम्ही एरवी मावल्याला कुंदाच्या मावशीकडे उतरत असू. मावशीही आता नव्हती. बसस्टँडसमोरच्या लॉजवर पिशवी ठेवून मी शेजारच्या मेसमध्ये गेलो. भिंतीवर निर्मल गावचं काळ्या पाटीवरचं सोनेरी हरणांचं चित्र होतं, त्यावर तेलाच्या धुराचा थर. केळीच्या पानावर भाताचा डोंगर पडला. मी तो बाजूला सारून पप्पू (घट्ट डाळ) आणि गोंगूरा (अंबाडीची भाजी) बोटानं चाटू लागलो. गल्ल्यावरचा मालक उठून आला.

"क्या साब, चावल खराब है क्या?"

"नहीं. शुगर है."

"अरे रे, शुगर!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की सगळ्या मेसला कळलं. "करेले का जूस पियो साब. खाली पेट."

शेजारचा गृहस्थ मराठी निघाला. "मेथी भिजवून खात जा भाऊ. आमच्या साडूनं आयकलं नाही. पाय कापा लागला."

"कोन्ता पाय?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"डावा."

मग त्या डाव्या पायावर बराच वेळ बोलणं चाललं. माझा उष्टा भात वाढप्यानं उचलला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कीव होती. मी अर्धपोटी उठलो. खोलीवर जाऊन शेंगदाणे खाल्ले. ते मीच भाजले होते. काही करपले होते.

सकाळी आसिफाबादची बस धरली. उटनूरच्या पुढे डोंगर सुरू झाले. सागाची पानं गळून रस्त्यावर पसरली होती आणि बस गेली की ती परातीसारखी वाजत उलटत होती. मधल्या एका गावात नऊवारीतली एक म्हातारी चढली आणि शेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं फडकं सोडलं, ज्वारीची भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

"घ्या ना भाऊ."

"नको, आजी. मी भाकरी खात नाही."

तिनं मला नीट पाहिलं. "काऊन? आमच्या हातचं चालत नाही का?"

माझ्या आजोबांच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नसे. कुणाच्या हातचं नाकारणारा माणूस आमच्या घराण्यात मीच पहिला असेन. मी तळहात पुढे केला. "भाकरी नको, पण ठेचा द्या."

नुसता ठेचा तोंडात टाकला आणि डोळ्यांतून पाणी आलं. खोकला थांबेना. म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. "बापा! असं कोनी खाते का? शिकले म्हने लोकं!" तिनं पाठीवर थाप मारली आणि आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. ते मी प्यायलो.

कागजनगरला बस बदलून बेज्जूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. प्राणहितेकडून वारा येत होता आणि त्याला माशांचा वास होता. माय ओसरीवर बसली होती. तिनं मला जवळ ओढलं, माझ्या मनगटाभोवती आपली बोटं फिरवली आणि म्हणाली, "वाळले." एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात त्रिशरण-पंचशील म्हटलं गेलं. पानं मांडली. खिरीला वेलदोड्याचा वास होता. सगळ्यांना खीर वाढली. माझ्या पुढ्यात नदीचा तळलेला मासा, अंबाडीची भाजी, दोन अंडी आणि वाटीत दही आलं.

"माय," मी म्हणालो, "मला खीर दे."

"तुमाले नाही जमत, जवाईबापू. तुमचा नवस हाये."

"कसला नवस?"

आनंद भात कालवता कालवता थांबला. "ताईनं तुमाले सांगतलं नाही?" मग तोच हसू लागला. "अहो, ती हाटेलात काय सांगे? नवऱ्यानं नवस बोलला, भात सोडला म्हने. बीमारी सांगतली की लोकं कीव करते, नाहीतर औषधं सांगते. नवस म्हटलं की वाढपी हात जोडते!"

"पण आपण कुठे नवस बोलतो?"

"तेच म्या म्हटलं. ताई म्हने, हाटेलवाल्याले काय मालूम!"

सगळे हसले. मीही हसलो. मग मी पुन्हा म्हणालो, "माय, तो नवस खोटा होता. आज एक वाटी दे. मी खीर खायलाच आलो आहे."

"खोटा असंन. पन पोरीनं बोललेला हाये." माय हसत नव्हती. "मागच्या दिवाळीत इथं याच जागी बसून तिनं मले सांगतलं, माय, हे आले की भात वाढू नोको, मागतलं तरी नोको. मी मोडनार नाही."

"आणि तुमची रीत?"

तिनं थोडा विचार केला. माझ्या वाटणीची वाटी भरली, स्वतःपुढे ओढली आणि दात नसलेल्या तोंडानं सावकाश ती खीर संपवली. "झाली रीत," ती म्हणाली. "आता तो मासा खा."

मासा चांगला होता. मला खीर हवी होती. दोन दिवस वाटेत परक्यांनी मला आग्रह केला आणि मी नाही म्हणत आलो. जिथे हो म्हणायचं ठरवून आलो होतो, तिथे कुणी आग्रह केला नाही.

निघताना मी आनंदकडून ते तेलुगू वाक्य घोकून घेतलं. परतीच्या वाटेवर आदिलाबादच्या त्याच मेसमध्ये शिरलो आणि बसण्याआधी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो.

"अन्नम् तिननु. मोक्कु उंदि." (भात खात नाही. नवस आहे.)

आचाऱ्यानं मान लववली. माझ्या पानावर दोन अंडी आली आणि वाढपी वाकून वाढू लागला. गल्ल्यावरून मालक मात्र माझ्याकडे पाहत होता.

"साब, उस दिन तो शुगर बोले थे?"

"दोनों है," मी म्हणालो.

मी अजून भात खात नाही. कुंदाच्या तेलुगूतलं तेवढं एक वाक्य माझ्याजवळ उरलं आहे. यवतमाळात ते कुणाला कळत नाही.