कोहिनूरच्या पलीकडची वाट

जमिनीवर चालताना आमचे ड्रॉइंगमास्तर साठीचे वाटत आणि सायकलवर बसले की तिशीचे. लहानपणी तापात त्यांचा उजवा पाय लुळा पडला होता, तो पुढं आखूडच राहिला. फळ्यापासून दारापर्यंत जायचं तरी त्यांचं सगळं अंग हेलकावे खाई. पण सायकलच्या उजव्या पायडलवर त्यांनी सुताराकडून लाकडाचा ठोकळा बसवून घेतला होता. त्या ठोकळ्यावर पाय टेकला की त्यांना गाठणं माझ्यासारख्या तरण्याला जमत नसे. वळणावर थांबून ते हसत. "कामून दमलास, अप्पा? दोन्ही पाय धड हायेत की तुझे."

निजामाचं राज्य होतं, शाळेला सुट्टी शुक्रवारची. भालकीच्या शाळेत मी नुकताच लागलो होतो आणि लग्नही नुकतंच झालं होतं. शुक्रवारी उजाडता उजाडता दारात घंटी वाजे. माझी बायको महादेवी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून देई. मास्तरांची बायको कधीच वारली होती. त्यामुळं फडक्यात एका माणसाच्या भाकऱ्या जास्त असत. 

आमचं रान सपाट. दोन्ही बाजूंना ज्वारी नाहीतर तूर, मधून बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. त्यातल्या एका चाकोरीत मास्तर, दुसरीत मी. बीदरकडं निघालो की काळी माती संपून लाल मुरूम लागे आणि चाकांचा आवाज बदले. मग अष्टूरचे घुमट दिसायला लागत. कधी जलसंगवीचं देऊळ, कधी नारायणपूरचं, कधी कल्याणीचा किल्ला. जुनी जागा दिसली की मास्तर शंभर पावलं आधीच खाली उतरत आणि लंगडत, सायकल हातात धरून जात. तिथं छप्पर नसो, दार नसो. "कुनाच्याबी घरात सायकलवर बसून जायचं नसतं," म्हणत.

जलसंगवीच्या भिंतीवर एक दगडी बाई आहे, हात वर करून लिहिणारी. तिच्यापुढं ते पाऊण पाऊण तास बसत. मी एकदा विचारलं, "मास्टरसाब, हिचं चित्र कामून काढत न्हाईत?" ते म्हणाले, "काढनाऱ्यानं काढून ठेवलंय. मी आनिक काय काढू?"

ते काढत ते रस्ते. त्यांच्याकडं एक जाड वही होती. त्या वहीत पानापानावर वाटा होत्या, बारीक शाईच्या रेघांनी काढलेल्या. कुठं सराट्याचे काटे आहेत आणि पंक्चर हमखास होतं, कुठल्या आडाचं पाणी गोड, पाऊस झाला की कुठली वाट चाकाला गिळते, कुठल्या पाटलाचा कुत्रा अंगावर येतो, कुठल्या घरची म्हातारी न मागता ताक देते. सगळं उर्दूत, मोत्यासारख्या अक्षरात. ताकाच्या घरापाशी ते एक छोटा तांब्या काढत.

सगळ्यात लांबची वाट कल्याणीकडच्या कोहिनूर गावाच्या पलीकडं एका खेड्यात जाई. तिथं त्यांची थोरली बहीण राहायची. तिला सगळा गाव आपा म्हणे. पाय लुळा पडल्यावर सात वर्षांचे होईपर्यंत तिनं त्यांना कडेवर घेऊन वागवलं होतं. आम्ही दुपारच्या आत पोचत असू. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं माझ्या कपाळावरचं भस्म पाहिलं आणि माझ्यापुढं फक्त सीताफळं आणि भाजल्या शेंगा ठेवल्या. "तुला माज्या हातचं चालायचं न्हाई बाळा, मला ठावं हाय." दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या वेळी मीच म्हणालो, "आपा, भाकरी असंल तर द्या." तिनं चूल पेटवली. मी तीन भाकरी खाल्ल्या. परतताना मैलभर आल्यावर मास्तर माझ्यासाठी थांबले. मग म्हणाले, "आज तू माज्या घरचा झालास."

पुढं गडबडीचं वर्ष आलं. शुक्रवारच्या फेऱ्या थांबल्या. गावोगाव बंदूकवाली पोरं फिरायला लागली. रात्रीत धान्य जाई, माणसं जात. मास्तरांच्या वहीची गोष्ट त्या पोरांच्या कानावर कुणी घातली कोण जाणे. एका गुरुवारी दुपारी दोघं शाळेत आले. त्यातला एक मास्तरांचाच जुना विद्यार्थी. "उद्या वही काढून ठेवा," म्हणाला. "आड कुठं, पाटलाचं घर कुठं, सगळं हाय म्हनं तुमच्या वहीत. आपल्याच कामाला यायलीय."

शाळा सुटल्यावर मास्तर वही घेऊन आमच्या घरी आले. महादेवी चुलीपुढं होती. तिच्या शेजारी ते पाय लांब करून बसले आणि एकेक पान फाडून चुलीत घालू लागले. मी म्हणालो, "लपवून ठिवू की मास्टरसाब. पंधरा वर्सांचं काम हाय." त्यांनी तांब्याचं चित्र असलेलं एक पान माझ्यापुढं धरलं. "त्या म्हातारीनं ताक दिलं ते ह्याच्यासाठी न्हाई." आणि तेही आत गेलं. महादेवीनं त्या जाळावर भाकरी केली नाही. पीठ झाकून ठेवलं आणि पानं पूर्ण जळेपर्यंत तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पोरं त्यांच्या घरी आली. वही जळाली म्हटल्यावर त्यांना अंगणात ओढून मारलं. पायावरच मारलं, त्याच लुळ्या पायावर. महिनाभर ते अंथरुणात होते. तरी सायकल पुसून ठेवायला मला सांगत.

मग हिंदी फौज आली. बंदूकवाली पोरं पळाली. आम्हाला वाटलं, सुटलो. मिरवणुका निघाल्या, मीही त्यात होतो. चार दिवसांनी दुसऱ्या बातम्या यायला लागल्या. आता खेड्यापाड्यांत वेगळ्याच टोळ्या फिरत होत्या आणि ज्यांनी कधी काठीसुद्धा उचलली नव्हती अशा मुसलमानांची घरं पेटत होती. कल्याणीकडच्या खेड्यांची नावं ऐकू येऊ लागली.

मास्तर सकाळीच दारात उभे राहिले. घंटी वाजवली नाही. अजून पाय सुजलेला होता.

"अप्पा, आपाला आणायला जायलोय," ते म्हणाले. "तू संगं आलास तर जाता येतं. तुज्या कपाळाचं भस्म बघून कोन अडवायचं न्हाई."

आदल्याच दिवशी कुणीतरी चावडीवर बोललं होतं, मुसलमानांना आसरा देणाऱ्यालाही सोडायचं नाही. मी खाली बघितलं. मास्तरांच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिथं सुतळी बांधलेली होती. ती सुतळी मला अजून दिसते.

"महादेवीला ताप हाय, मास्टरसाब," मी म्हणालो. "लई ताप हाय."

महादेवी त्या वेळी मागच्या आडावर पाणी शेंदत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता की नाही, मला आठवत नाही. येत असणारच.

"मग नको," मास्तर लगेच म्हणाले. "तिला सोडून येऊ नको." आणि भिंतीला धरून सायकलवर चढले.

ते आठव्या दिवशी आले, पायी. किती वाट चालले, कसे चालले, मी विचारलं नाही. त्यांना ओसरीवर बसवलं. बराच वेळ ते गुडघ्यावर हात फिरवत राहिले. मग जसं घडलं तसं सांगितलं, एका सुरात. वाटेत टोळीनं सायकल घेतली. ते तुरीच्या रानात शिरले आणि दोन दिवस तिथंच पडून राहिले. तिसऱ्या दिवशी गावात पोचले. आदल्या सांजेला टोळी आल्यावर गावातल्या बायांनी आडात उडी घेतली होती. त्यांच्यात आपा होती.

मी मनात हिशेब केला. त्या सकाळी आम्ही दोघं निघालो असतो तर त्याच दुपारी पोचलो असतो. बायांनी उडी घेतली ती सांज तेव्हा अजून सव्वा दिवस लांब होती. हा हिशेब मास्तरांनी केला नसेल असं नाही.

महादेवी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मास्तरांनी मान वर केली आणि विचारलं, "बेटी, ताप उतरला का गं?"

तिला काही माहीत नव्हतं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी भिंतीकडं बघत होतो. मग ती म्हणाली, "व्हय मास्टरसाब. उतरला."

"दूध पीत जा," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

त्या महिन्याअखेरीस ते हैदराबादला नातेवाइकांकडं गेले. स्टेशनावर मी एकटाच होतो. गाडी हलायला लागली तेव्हा मी बोलायचा प्रयत्न केला. "मास्टरसाब, त्या दिवशी मी..." त्यांनी खिडकीतून माझ्या हातावर हात ठेवला. "पोरांना रेघ मारताना मनगट हलवू देऊ नको. खांद्यातून मारायला शिकव." त्यांची दोन पोस्टकार्डं आली. दुसऱ्याचं उत्तर म्हणून मी लिहिलेलं पत्र परत आलं.

महादेवीनं त्या दिवसाबद्दल कधीही विचारलं नाही. घरात कुणाला ताप आला की मात्र ती माझ्यापुढं तो शब्द उच्चारत नसे, "अंग गरम झालंय" म्हणे. बऱ्याच वर्षांनी, शाळेची सुट्टी रविवारची झाली होती आणि मी हेडमास्तर झालो होतो, तेव्हा एका शनिवारी ती म्हणाली, "एकदा जाऊन तर या." कुठं ते तिनं सांगितलं नाही. सकाळी भाकऱ्या बांधून दिल्या.

मी सायकलवर निघालो. करडई काढणीला आली होती. वाटेत कुणी अडवलं नाही. एकदाही उतरावं लागलं नाही. आपाच्या घरात दुसरं कुटुंब राहत होतं. आड बुजवलेला होता आणि त्यावर कडब्याची गंजी रचलेली होती. घरातल्या बाईनं मला उन्हातून आलेला पाहून पाणी दिलं. अजून दुपार झाली नव्हती.

"लई लांबनं आलाव काय गुर्जी?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "जवळच हाय."