कॉस्मेने पाद्रींना बोलावलं तो दिवस

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. कॉस्मेला श्वास जड. पेज दोन चमचे, तीही ओकली. पाद्री बोलव म्हणाला.

सकाळी वहीत एवढं लिहून सेलेस्तीनने पेन ठेवलं आणि फादर रिचर्डना फोन केला. मुलाची, सॅविओची होडी आचऱ्याच्या समुद्रात उलटून तो गेला, तेव्हापासून कॉस्मे देवळाची पायरी चढला नव्हता. “जेणां माझो झील व्हेलो, तेच्यासमोर गुडघे टेकूचे नाय,” म्हणायचा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी सेलेस्तीनला शिकवलं होतं, न्यायाच्या दिवशी प्रत्येकाला एकट्याने उभं राहावं लागतं. तिथे नवऱ्याच्या वतीने बायकोला बोलता येत नाही. या विचाराने सेलेस्तीनची झोप कधीच उडाली होती. आज तो स्वतःच म्हणाला होता, “बोलव तर पाद्रीक. तुका तरी बरां वाटात.”

ती पंप लावून मागच्या पडवीत त्याची चादर धूत होती. तेवढ्यात फादर आले आणि गेलेही. नणंद फेबीने त्यांना गेटवरूनच परत पाठवलं.

“पाद्रीक बगून भियानच दादाचो जीव गेलो असतो गो वैनी,” फेबी म्हणाली. “सांगलंय, झोपलो आसा, उद्या येवा.”

तिचं तरी काय चुकलं? गावात पाद्री मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आत शिरला की शेजारी फुलं आणायला निघत. सेलेस्तीन हात पुसून आत गेली. फोन लावत राहिली. फादर दुसऱ्या आजाऱ्याकडे गेले होते. फोन बंद.

दुपारी कॉस्मेचे डोळे फिरले. ती त्याच्या कानाशी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणू लागली. पुन्हा पुन्हा म्हणाली. विश्वास असेल तर हात दाब, म्हणाली. हात हलला. दाबला, की नुसता थरथरला, तिला कळलं नाही. मग तो हात जड झाला.

निरोप मिळून फादर धावत आले तेव्हा फेबी अंगणात बसून रडत होती. त्यांनी प्रार्थना म्हटली, मग सेलेस्तीनशेजारी बसले.

“तारण तेलात नसतं, सेलेस्तीनबाय. ख्रिस्तावर भरवसा ठेवणाऱ्याला तो टाकत नाही. येशूशेजारी क्रूसावर मरतामरता तारण मिळालेल्या चोराला तरी कुठे वेळ मिळाला होता? कॉस्मेने स्वतः मला बोलावलं होतं ना?”

“हो,” ती म्हणाली.  त्याने कोणासाठी बोलावलं होतं? देवासाठी, की तिच्यासाठी? फादरना विचारलं असतं तर त्यांनी समजूत घातली असती, आणि तिला समजूत नको होती.

संध्याकाळी तिने वही उघडली. हात दाबला, असं लिहायला घेतलं आणि थांबली. खात्री नसलेलं तिने कधी लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं: कॉस्मे दुपारी गेला. पाद्री बोलव म्हणाला होता, मला बरं वाटावं म्हणून. हात हलला.

खाली एक ओळ: पंप बंद करायचा राहिला, टाकी भरून अंगणात पाणी झालं.