स्टेजमागचं हिरवं लुगडं

मित्रांनो, आज बुलढाण्यात नव्या टाऊन हॉलमध्ये लग्नाला गेलो होतो. खरं सांगतो, लग्नापेक्षा भिंत बघायला गेलो होतो. स्टेजमागच्या भिंतीवरचं आठवडी बाजाराचं मोठं चित्र मीच काढलंय. हॉलवाल्यांनी मुद्दाम माझ्याकडून रंगवून घेतलं होतं.

जाऊन बघतो तर भिंतच दिसेना! वरपासून खालपर्यंत गुलाबी झालर, मधोमध नवरा-नवरीचा फ्लेक्स. आपल्याकडं भिंत झाकल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटतच नाही.

मी गुपचूप पडद्यामागं शिरलो. चित्रात हिरव्या लुगड्यातली एक पाठमोरी बाई भाजी निवडतेय. ती माझी बायको. मी भिंत रंगवायचो तेव्हा रोज डबा घेऊन यायची. म्हणाली होती, "माह्यं तोंड नका काढू, लोक हासतीन." मी ऐकलं. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

तेवढ्यात डेकोरेशनवाला ओरडला, "काका, तिकडं काऊन घुसून राह्यले? मांगं काईच नाई!"

बाहेर आलो, अक्षता टाकल्या, न जेवताच निघालो. घरी विचारणारं कोणी नव्हतंच.

तुमच्यापैकी कोणी त्या हॉलमध्ये गेलं, तर पडदा जरा बाजूला कराल का? ती तिथं आहे, एवढंच मला कळवा.