नानांच्या डोक्यातली सोयरीक

धुळे-जळगाव या दोन जिल्ह्यांत आमच्या शेजारच्या नानांना विचारल्याशिवाय एकही लग्न जुळलेलं नाही, आणि जुळलंच असेल तर ते भांडणातच गेलं असणार! अमळनेरच्या एसटी स्टँडवर कुणी परका तरुण शेजारी बसला की यांचा पहिला प्रश्न, "तू कोना आंडोर शे?" बिचाऱ्याने बापाचं नाव सांगायचा अवकाश, त्याची आत्या धुळ्यात कुणाच्या घरी दिलीय हे नाना त्यालाच सांगून मोकळे. वही नाही, चिठोरी नाही. सगळी सोयरीक डोक्यात! माझी बायकोही त्यांनीच शोधली, त्यामुळे तक्रार करायची सोय उरली नाही.

आणि गेल्या उन्हाळ्यात याच माणसाने भरल्या बैठकीत एकाच कुळातल्या मुलामुलीचं स्थळ सुचवलं. म्हणजे बहीण-भावाचंच की हो! "अहो, त्या भाऊबंद शेतस ना," त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, हळूच म्हणाल्या. नानांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला, म्हणून मी त्यांना जळगावला नेलं. तिथे अंगावरची चांदी उतरवायला सांगितली आणि नाना अडून बसले. कमरेचा करदोडा! "तो मरेलना काढतस. मी जित्ता शे!" शेवटी मी बाजारातून काळा दोरा आणला, आधी तो बांधला, मग चांदीचा सोडला. कंबर क्षणभरही उघडी राहिली नाही. आत मशीन ठकठकू लागलं, तर हे तपासणीवाल्या मुलीला तिच्या मामाचं गाव विचारताहेत! डोकं हललं, फोटो बिघडले, पुन्हा पहिल्यापासून.

"आठवणी सांभाळणारा भाग थोडा आकसलाय," डॉक्टर म्हणाले. "सुरुवात आहे. लवकर कळलं ते बरं झालं." परतीच्या बसमध्ये नानांनी कुणालाच काही विचारलं नाही. धरणगाव मागे पडल्यावर मला म्हणाले, "वही ले. डोकामातून बठ्ठं जावाना पह्यले लिखी ले."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसतो. नुसती नावं नव्हेत, कुणाच्या लग्नात पंगतीच्या बट्ट्या कच्च्या राहिल्या, कोणती नवरी मांडवातच खुदकन हसली, सगळं सांगतात. काल त्यांनी साक्रीच्या एका घराण्याची हकिकत सांगितली, मोठ्या हौसेने, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी. ती तिसरी खेप होती. मी नवं पान उघडलं आणि हकिकत पुन्हा लिहून घेतली.