विस्तवातला पेला

स्पिरिटचा वास आला की रिहे गावातली ती पडवी आठवते. स्वतःचा नवरा वारल्यावर परदेशातून आलेली एक डॉक्टरीण आणि तिची माझ्याएवढी, पंधरा वर्षांची लेक तिथं फुकट औषधपाणी करीत. भातलावणीत चिघळलेला माझा पाय ती लेकच धुवायची. एकदा ती घरी येऊन पट्टी बदलून, पाणी पिऊन गेली. आई म्हणाली, "परजातीची ती. बाटला पेला. इस्तवात घाल." मी पेला निखाऱ्यांवर धरला, तोच ती पोरगी विसरलेली कात्री न्यायला परत आली. खुशीत म्हणाली, "आईपण सुया अशाच तापवते. जंतू मरतात, व्हय ना?" मी म्हटलं, "व्हय." दुसऱ्या दिवशी डॉक्टरिणीनं पडवीभर माणसांसमोर आमच्या स्वच्छतेचं कौतुक केलं. माणसं गालातल्या गालात हसली. मी पाय तिच्या लेकीच्या मांडीवर ठेवला. आज पायावर वणसुद्धा नाही; ते "व्हय" मात्र अजून गिळवत नाही.