बर्कलंडांच्या गाडीचं दार

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की व्हर्ना टोस्ट्रुड शाळेत परीक्षा ठेवत नसे. ठेवून उपयोगच नव्हता. अर्धी मुलं आणि गणिताचे मास्तर पहाटेपासून रानात. उरलेली मुलं उजाडताच शिकार आटोपून शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटातच पहिल्या तासाला येऊन बसायची. त्याचं गावात कोणालाच काही वाटत नसे.

व्हर्ना मूळची शिवण-स्वयंपाक शिकवणारी बाई. आधीचे प्रमुख मोठ्या गावी निघून गेले, इतक्या पगारात दुसरं कोणी फिरकेना, तेव्हा शाळा मंडळ तिला म्हणालं, "माणूस मिळेपर्यंत तू सांभाळ." माणूस काही मिळाला नाही. आता मुख्याध्यापिका तीच, मुख्याध्यापिकेची साहेबही तीच, आणि ड्रायव्हर आजारी पडला की पिवळी बस काढायचीही तिनेच. या पदासाठी शाळेचा कायदा शिकावा लागतो, म्हणून ऐन पन्नाशीत ती उन्हाळाभर विद्यापीठात पोरासोरांच्या शेजारी बसली. पहिल्या चाचणीत सपशेल आपटली. तिला वाटायचं, कायदा म्हणजे नुसती कात्री. पुढे हळूहळू उमगलं, की नीट बेतलेल्या कायद्यातही शिवणीसारखी थोडी माया सोडलेली असते. ती कुठे आहे हे मात्र शोधावं लागतं.

त्या सोमवारी दुसऱ्या तासाला सिग्ने बर्कलंड दारात येऊन उभी राहिली. शेवटच्या वर्षाची मुलगी. नर्सिंग कॉलेजात जागा मिळालेली, अट एवढीच की मे महिन्यात शाळा पूर्ण झाली पाहिजे.

"बाई, माझ्या हातून घोटाळा झालाय."

"काय केलंस?"

"बंदूक गाडीतच राहिली, सीटच्या मागे. सकाळी थेट रानातूनच आले ना. आत्ता एकदम आठवलं."

"भरलेली आहे?"

"नाही, गोळ्या काढल्यात."

"गाडीला कुलूप आहे?"

सिग्नेने तिच्याकडे पाहिलं. "बाबांच्या गाडीला, बाई?"

उत्तर व्हर्नाला ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात चर्चमधल्या मयताच्या जेवणाला खुर्च्या न्यायच्या होत्या, तेव्हा तिने हीच गाडी नेली होती, न विचारता. किल्ली कायम आतच असते आणि दाराचं कुलूप केव्हाचं मोडलेलं. या गावात गाडीला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं.

आणि कायद्याचं घोडं नेमकं तिथेच अडत होतं. बंदूक रीतसर, कुलूप लावलेल्या गाडीत असेल तर शाळेत बंदूक आणल्याचं कलम लागत नाही. गाडी उघडी असेल तर मुलाने शाळेत बंदूक आणली असंच धरायचं. शिक्षा, एक वर्ष शाळेबाहेर. म्हणजे सिग्नेची शाळाही गेली आणि कॉलेजही.

'गाडी घरी घेऊन जा, तू मला काही सांगितलंच नाहीस' हे शब्द व्हर्नाच्या अगदी ओठांवर आले. खिडकीतून तिला ती गाडी दिसत होती, पहिलीच्या मुलांच्या झोपाळ्यांना लागून उभी. तिने फोन उचलला आणि शेरीफला बोलावलं.

दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळी सिग्नेचा बाप ओरिन आला. हा सूर्यफुलाची शेती करणारा, शाळा मंडळाचा अध्यक्ष, आणि पहिलीपासून व्हर्नाबरोबर एका वर्गात शिकलेला.

"कुलूप होतं असं लिहून टाक," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

"ओरिन, ते कुलूप तू हातोडीने तोडलंस तेव्हा टॉर्च मीच धरला होता."

"कोण विचारायला येतंय? असले कायदे शहरातल्यांसाठी असतात, व्हर्ना."

"झोपाळ्यावरची पोरं शहरातली होती का रे?"

ओरिन खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तू तिला शिवण शिकवलंस. आता वर्षभर घरी बसवणार?"

"एक वाट आहे. प्रत्येक मुलाचं प्रकरण वेगळं पाहून मला शिक्षा कमी करता येते. पण कारणं लिहून द्यावी लागतात, आणि ती खरी असावी लागतात. मंडळासमोरही ठेवावी लागतील. त्या दिवशी तू अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं नाहीस."

"माझ्याच मंडळात?"

"तुझ्याच मंडळात. बाहेर बाकावर बस. कॉफी पाठवते."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर एक वर्ष," व्हर्ना म्हणाली.

सुनावणी बंद दाराआड झाली. मंडळातले म्हातारे हॅल्वर मुलीला सावरून घ्यायला निघाले. "कुलूप असेलच गं. घाईत तुझ्या लक्षात नसेल."

"नव्हतं," सिग्ने म्हणाली. "रविवारी तुम्हीच नेली होतीत ना गाडी."

हॅल्वर चष्मा पुसू लागले. व्हर्नाने आपली कारणं वाचून दाखवली. मुलगी स्वतः येऊन बोलली. बंदूक भरलेली नव्हती. कोणाला धमकी नाही, आधीची एकही तक्रार नाही. गावातलं जुनं, ओळखीचं घर.

"थांबा," मारिसेला ओचोआ म्हणाली. ती दूधडेअरीवर मुकादम होती आणि गेल्याच वर्षी मंडळावर निवडून आली होती. "माझा मुलगा असता तर? आम्ही जुनेही नाही आणि ओळखीचेही नाही."

व्हर्नाने हातातल्या कागदाकडे पाहिलं. 'जुनं, ओळखीचं घर' हे वाक्य तिने तीनदा वाचलं होतं, आणि तीनदाही तिला ते खटकलं नव्हतं.

"खरं सांगू? तुमचा मुलगा असता तर 'गाडी घरी घेऊन जा' असं माझ्या ओठांवरसुद्धा आलं नसतं. सिग्नेच्या वेळी आलं. माझीच मला भीती वाटली, म्हणून फोन उचलला."



"मग ते घराचं काढा," मारिसेला म्हणाली. "बाकीचं माझ्या मुलालाही लागू पडलं असतं. माझी हरकत नाही."

व्हर्नाने ती ओळ खोडली. त्याखाली सही केली. कोणाचीच हरकत निघाली नाही.

बाहेर ओरिन बाकावरून उठला. कॉफी तशीच होती. "किती?"

"शाळेचे दहा दिवस. नाताळच्या आत परत येईल. मेमध्ये पास होईल, अभ्यास केला तर."

"कुलूप होतं असं लिहिलं असतंस तर दहाही गेले नसते."

"नसते गेले."

"बाबा," सिग्ने जाकीट घालत म्हणाली, "आत हॅल्वरआजोबांनी मला तेच विचारलं. मी काय सांगायला हवं होतं?"

ओरिनने तिची बॅग उचलली, दोन पावलं गेला आणि मागे वळला. "तुझ्या जागी मी असतो तर जमलं नसतं, व्हर्ना."

"मलाही जेमतेमच जमलं," ती म्हणाली, आणि दार उघडून परत आत गेली. मंडळासमोर शाळा गरम ठेवणाऱ्या बॉयलरचा विषय अजून बाकी होता.