तीन नंबरचा शेवटचा बदल

राणी गडदेच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. राणी मिरजेच्या एका दवाखान्यात सर्व्हर सांभाळते. कर्मचाऱ्यांची नावं, पासवर्ड, कुणाला काय उघडता येतं, अशी सगळी यादी तिच्याकडं. या यादीच्या तीन प्रती होत्या : पहिली मिरजेत, दुसरी सांगलीत, तिसरी पलूसच्या शाखेत. एकीत बदल केला की तो बाकीच्या दोघींत आपोआप जायचा.

पलूसची शाखा दोन वर्षांपूर्वी बंद झाली आणि तिथला सर्व्हर भंगारात गेला. पण उरलेले दोन सर्व्हर पलूसच्या या तीन नंबरला विसरायला तयार नव्हते. रोज पडद्यावर त्याच्या नावानं तक्रारींची रांग.

"ते खरकटं साफ कर एकदाचं," तिचे वरिष्ठ अनीश सर म्हणाले.

राणीनं सकाळी साफसफाई सुरू केली. काम दोन मिनिटांचं, पण जेवणाची सुट्टी झाली तरी संपेना. पडद्यावर कारण दिसत होतं : तीन नंबरचा शेवटचा बदल सांगलीला पोचलेला नाही.

"सक्तीनं पूस की."

"थांबा सर. बदल काय होता, बघू तरी."

मिरजेच्या सर्व्हरवर तो सापडला; सांगलीला जायच्या आतच पलूसचा सर्व्हर बंद झाला होता. शाखा बंद झाली त्याच दिवशी पलूसमध्ये एक नाव नव्यानं चढवलं होतं : शालूबाई मोटे, आया. आता त्या सांगलीत होत्या. राणीनं फोन लावला.

"शालूबाई, तिथला कॉम्प्युटर तुमचं नाव घेतो का?"

"न्हाई की. गोदावरी सिस्टर त्यांच्या नावानं उघडून देत्यात."

"दोन वर्षं? सांगितलं नाही कुणाला?"

"मिरजंला आल्ते तवा घेतलं की नाव! मग म्हनलं, हितं माझंच काय तरी चुकत आसंल."

राणीनं फोन ठेवला. मग तिनं मिरजेची अख्खी यादी सांगलीच्या सर्व्हरवर नव्यानं उतरवली. थोड्या वेळानं अडलेली साफसफाई आपोआप पुरी झाली. तीन नंबर गेला.

तिनं पुन्हा फोन केला. "आता बघा."

पलीकडं एकेक अक्षर शोधून दाबल्याचा आवाज.

"आवं, घेतलं! सिस्टर, माझं नाव घेतलं!"

सांगलीचा सर्व्हर पुढच्या वर्षी बदलायचा आहे. राणीनं त्याच्या फाइलवर आत्ताच लिहून ठेवलंय : बंद करण्याआधी याचा शेवटचा बदल कुणाचा, ते बघणे.